दिवस गेल्याचं कळायच्या आधीचे दिवस

आजची नोंद कांद्याची आहे आणि नाहीपण. दोन महिने लिहू का नको चाललं होतं. ज्या घरातली गोष्ट आहे त्यांना विचारून लिहितोय. नाव-गाव लिहिणार नाही, आणि कुणी ओळखलंत तरी खाली कॉमेंटमध्ये नाव टाकू नका, एवढी विनंती.

माझ्या कांद्यात गेली चार वर्षं खुरपायला येणारी एक पोरगी आहे. पोरगी म्हणतो, पण एका मुलीची आई. गेल्या नोव्हेंबरात तिला मुलगा झाला. वरचा ओठ डाव्या बाजूनं नाकापर्यंत फाटलेला, टाळूसुद्धा आतून उघडी. बाळाला छातीचं दूध ओढता येईना, ओढलं तर नाकातून बाहेर. पाचव्या दिवशी घरी आली तेव्हा सगळ्या आळीला कारण ठाऊक झालेलं होतं: ग्रहण.

७ सप्टेंबरचं चंद्रग्रहण आठवत असेल, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या रात्रीचं. त्या रात्री हिनं विळीवर कांदा चिरला म्हणे. सासू तेच म्हणाली, शेजारीण तेच म्हणाली, माहेरून आलेली मावशीही तेच. मी भेटायला गेलो तर ती पोरगी मलाच सांगायला लागली, "दादा, मोठीला भूक लागली होती हो. एकच कांदा चिरला." तिचंही तिला पटलेलं होतं. एक कांदा आणि आयुष्यभराचा डाग.

दुसरी कुजबुज माझ्यापर्यंत जरा उशिरा आली. "रानातलं औषध बाधलं असंल." म्हणजे माझ्या रानातलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती माझ्याच कांद्यात होती. फुलकिडे वाढले म्हणून आणि करप्यासाठी मी तेव्हा तीन फवारण्या घेतल्या होत्या. डायरीत तारखा आहेत. एका फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाया खुरपायला होत्या, तेही लिहिलेलं आहे, कारण त्या दिवशी मी मजुरी दिली. डायरी लिहायची सवय चांगली असं मी या पेजवर दहा वेळा लिहिलंय. त्या रात्री ती सवय नसती तर बरं झालं असतं असं वाटलं.

डिसेंबरात जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. आशाताईनं सांगितलं होतं की सरकारी बाल आरोग्य कार्यक्रमातून तपासणी आणि ऑपरेशन मोफत होतं. (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ साली आपल्याच पालघरातून सुरू झालेला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. ज्यांना माहीत नाही त्यांनी लक्षात ठेवा.) गाडी माझी होती म्हणून मीही आत बसलो. डॉक्टरीणबाईंनी बाळ पाहिलं, मग प्रश्न सुरू केले. नवरा-बायको आधीचे नात्यातले का? घरात असं आधी कुणाला होतं? शुगर आहे का? फिटची गोळी चालू होती का? तंबाखू, मिश्री? ती खाली बघून म्हणाली, मिश्री लावते. फोलिक ॲसिडची गोळी कधी सुरू केली? म्हणाली, नाव नोंदवलं तेव्हा, तिसऱ्या महिन्यात. मग बाईंनी विचारलं, दीड-दोन महिन्यांची असताना कुणी काही पुडी, काढा दिला होता का, मुलगा व्हावा म्हणून?

खोली गप्प. सासू भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागली, आणि तिला वाचता येत नाही.

फवारणीचं त्यांनी विचारलं नाही, मीच विचारलं. बाई सरळ बोलल्या. एवढ्या एका बाळापुरतं कारण कुणालाच बोट ठेवून सांगता येणार नाही. जगभरातल्या जन्मजात व्यंगांपैकी साधारण निम्म्यांचं एक असं कारण सापडतच नाही. थोडं रक्तातून आलेलं, थोडं बाहेरचं, दोन्ही मिळून काहीतरी घडतं. फाटलेला ओठ सातशे बाळांमागे एकाला, म्हणजे दुर्मीळही नाही. मग म्हणाल्या, "पण एक नक्की सांगते. ओठ पहिल्या दोन महिन्यांत जुळून होतो. सप्टेंबरात हिला आठवा लागला होता. तेव्हा ओठ आधीच तयार होता, जसा आहे तसा. कांदा चिरला, नाही चिरला, काही फरक नाही."

ती पोरगी तिथं रडली. मला वाटलं बाळासाठी रडतेय. परत येताना गाडीत कळलं, कांद्यासाठी.

घरी येऊन मी जे मिळेल ते वाचत बसलो, ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून डोकं खाल्लं. त्यातून जे कळलं ते शेतकऱ्याच्या भाषेत लिहितो.

गर्भाची मांडणी फार लवकर होते. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आसपास बंद होते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. आपल्याकडे बाई घरात सांगते कधी, नोंदणी होते कधी? दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी. तोवर नळी बंद झालेली असते नाहीतर उघडी राहिलेली असते. हृदयाचे कप्पे, हातपाय, ओठ, सगळ्याचा पाया त्याच काळात पडतो. पुढचे सात महिने मुख्यतः वाढ आणि भरण. नंतरच्या काळात धोका नसतो असं नाही, पण मोठी मोडतोड होते ती आधी.

मेंढ्यांची गोष्ट सांगतो. अमेरिकेत आयडाहो नावाचं राज्य आहे, तिथं मेंढपाळी मोठी. १९५० च्या दशकात तिथं कपाळावर एकच डोळा असलेली कोकरं जन्मायला लागली. सुरुवातीला संशय रक्तावर, म्हणजे वाण खराब. सरकारी कृषी खात्याचे शास्त्रज्ञ आले, वर्षानुवर्षं डोकं लावलं, एक जण तर तीन उन्हाळे मेंढ्यांच्या कळपासोबत राहिला. शेवटी सापडलं ते डोंगराच्या वरच्या भागात उगवणारं एक रानझुडूप. चारा आटला की मेंढ्या वर चढायच्या आणि ते खायच्या. गंमत बघा, मेंढी पाच महिन्यांची गाभण असते, पण ते झुडूप गाभण राहिल्याच्या बरोबर १४ व्या दिवसाच्या सुमारास पोटात गेलं तरच एकडोळ्या कोकराचा धोका. मेंढी मात्र धडधाकट. उपाय काय निघाला? त्या दिवसांत कळप त्या कुरणात न्यायचा नाही. कुठली मेंढी नेमकी गाभण आहे ते कुणालाच कळत नाही, म्हणून सगळ्याच कळपाला बंदी.

हे वाचलं आणि मला आपल्या सगळ्या सल्ल्यांमधली खोट दिसली. आपण म्हणतो, "गरोदर बाईला फवारलेल्या रानात नेऊ नका." चांगला सल्ला, मीही दिलाय. पण बाई गरोदर आहे हे तुम्हाला कळतं तेव्हा पाया घालून झालेला असतो. हिला फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वतःलाच माहीत नव्हतं. मला कुठून कळणार? आणि कळावं म्हणून मी बायांना विचारत फिरू?

बीजप्रक्रिया आपण कधी करतो? पेरायच्या आधी. उगवून आल्यावर बियाण्याला औषध चोळायला जाणाऱ्याला गाव हसेल. फोलिक ॲसिडच्या गोळीचं नेमकं आपण तेच करतोय. ही गोळी रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भ राहायच्या किमान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने घ्यायची असते. १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा सात देशांतला अभ्यास छापून आला. ज्या आयांना आधी कण्याचं किंवा मेंदूचं व्यंग असलेलं बाळ झालं होतं, त्यांना पुढच्या खेपेला मोठ्या मात्रेत फोलिक ॲसिड आधीपासून दिलं तर पुन्हा तसंच होण्याचं प्रमाण जवळपास पाऊणपट घटलं. (अशा आयांची मात्रा वेगळी आणि बरीच जास्त असते, ती डॉक्टरकडूनच.) ओठाच्या बाबतीत गोळीचा फायदा इतका पक्का सिद्ध नाही, कण्याच्या बाबतीत आहे. अमेरिकेनं तर १९९८ पासून पिठातच ते मिसळणं सक्तीचं केलं, कारण गरोदरपण ठरवून येत नाही हे त्यांना पटलं. आपल्याकडे हीच गोळी तिसऱ्या महिन्यात हातात पडते. ती वाया जात नाही, रक्तासाठी उपयोगीच आहे, पण नळीसाठी उशीर झालेला असतो. शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक गोळी मिळते ती लोहासाठी चांगली, रोजच्या गोळीची जागा ती घेत नाही.

फोलिक हे नाव पानावरून आलंय. पालक, मेथी, हरभऱ्याची भाजी, डाळी यांत ते असतं. आपणच पिकवतो आणि आपल्याच घरात सून शेवटी जेवते तेव्हा पातेल्यात रस्सा उरलेला असतो. असो. फक्त भाजीवर भागत नाही, गोळी लागतेच.

आता फवारणीचं, कारण माझी खरी बोच तिथं आहे. या पेजवर दोन पार्ट्या आहेत हे मला माहीत आहे. एक म्हणते सगळं विषानं होतंय, सेंद्रिय करा, संपलं. दुसरी म्हणते, आमच्या आज्यानं डीडीटी हातानं कालवली, काही झालं नाही. मला दोन्ही पटत नाहीत. फाटलेले ओठ रासायनिक औषधं यायच्या आधीही होते, नाहीतर ग्रहणाची समजूत एवढी जुनी कशी असती? सेंद्रिय केल्यानं फोलिकची कमी भरून निघत नाही. पण दुसऱ्या पार्टीला सांगतो, केरळात कासरगोडला काय झालं ते वाचा. काजूच्या बागांवर वीसेक वर्षं हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं. त्या गावांत व्यंग असलेली, आजारी मुलं इतकी दिसायला लागली की शेवटी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभर बंदी घातली. प्रत्येक मुलाचं कारण एंडोसल्फानच का, यावर वाद अजून आहे. पण शंका आली तेव्हाच थांबले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं? शेतीच्या औषधांत वावरणाऱ्या आयांच्या बाळांवरचे अभ्यास एकसारखे नाहीत. काहींत ओठ-टाळूच्या व्यंगाचा धोका थोडा वाढलेला दिसतो, काहींत नाही. मी तेवढंच लिहितो, त्यापुढं नाही.

पण आपण ज्याच्यावर विसंबतो तो डब्यावरचा त्रिकोण, त्याबद्दल हे ऐका. लाल, पिवळा, निळा, हिरवा. हा रंग सांगतो ते एवढंच, की औषध पोटात गेलं तर माणूस किती पटकन मरेल. पोटातल्या गर्भाचं काय होईल हे तो सांगत नाही. कार्बेन्डाझिम घ्या. तसं ते मऊ औषध, गिळून लगेच जीव जाईल असं नाही, म्हणून आपल्याला त्याची भीतीच नाही. पण प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून युरोपात त्याची वर्गवारी गर्भाला अपाय करू शकणारं अशीच आहे. आणि आपण काय करतो? कांद्याचं रोप लावायच्या आधी त्याच द्रावणात बुडवतो आणि पाटीत भरून बायांच्या हातात देतो. हातमोजे? माझ्या रानात यंदापर्यंत कधीच नव्हते. फवारणीवाल्या गड्याला मास्क देतो म्हणून मी स्वतःला शहाणा समजत होतो. त्या गड्याचे कपडे घरी कोण धुतं, हे मी कधी मनात आणलं नाही. माझेसुद्धा. आमच्या सौंनी वीस वर्षं धुतले, घरच्या कपड्यांसोबत, एकाच टपात.

मिश्री सोडायला मी सांगितलं की बाया हसतात. तंबाखू भाजली म्हणून तंबाखूची दुसरी वस्तू होत नाही. तिच्यामुळे बाळ कमी वजनाचं होतं, आणि बिडी-सिगारेटच्या बाबतीत तर फाटलेल्या ओठाशी संबंध चांगलाच दिसलेला आहे.

नात्यातल्या लग्नावर लिहिलं की शिव्या येतात, तरी लिहितो. मामाची पोरगी करायची आपली जुनी चाल. गायीच्या बाबतीत मात्र आपण रेतनाची नळी कुठल्या वळूची ते लिहून ठेवतो, त्याच वळूची कालवड त्यालाच परत भरत नाही, आणि कुणी भरली तर त्याला येडा म्हणतो. साध्या जोडप्यात शंभरातल्या दोन-तीन बाळांना काही ना काही मोठं व्यंग असतं. सख्ख्या मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न असेल तर त्यात आणखी दोन-तीनची भर पडते. म्हणजे बहुतेक मुलं ठणठणीतच निघतात, म्हणून चाल टिकलीय. ज्यांची झालीत त्यांनी घाबरून जाऊ नये, दिवस राहायच्या आधी एकदा डॉक्टरला नातं सांगावं. पण पिढ्यान्‌पिढ्या तेच घर, तेच घर करणाऱ्यांनी आपली वंशावळ एकदा गोठ्यातल्या वहीसारखी मांडून बघावी.

आणि ती पुडी. यावर मला सगळ्यात जास्त राग आहे. मुलगा की मुलगी हे गर्भ राहिला त्या क्षणीच ठरतं, ते बापाच्या बीजावरून. दीड महिन्यानं जगातली कुठली पुडी ते बदलू शकत नाही. पण ती दिली जाते तो काळ बघा, नेमका पाया भरायचा. हरियाणात यावर अभ्यास झालेत, अशा पुड्या घेतलेल्या आयांच्या बाळांत जन्मजात व्यंगं जास्त आढळली. थॅलिडोमाईडचं नाव जुन्या लोकांनी ऐकलं असेल. पन्नास-साठच्या दशकात युरोपात मळमळीवर दिलेली साधी गोळी, आणि दहा हजारांवर मुलं आखूड हातापायांची जन्मली. ती तर कारखान्यात बनलेली, डॉक्टरांनी दिलेली गोळी होती. बाजाराच्या दिवशी पोत्यावर बसून विकणाऱ्याच्या पुडीत काय आहे हे त्याला तरी माहीत असतं का? मेडिकलमधून विचारून आणलेल्या गोळ्यांचंही तेच. फक्त एक, फिट किंवा शुगरची गोळी चालू असेल तर घाबरून स्वतःहून बंद करू नका. फिटच्या काही गोळ्या गर्भाला वाईट आहेत, पण त्या आधीपासून बदलून घेता येतात. लग्न ठरलं की डॉक्टरला विचारा. रक्तातली साखर हाताबाहेर असताना राहिलेला गर्भही धोक्यात असतो, तीही आधीच आटोक्यात आणायची.

यादी लांबत चाललीय. प्रत्येक वेळी उत्तर एकच येतंय: आधी. आणि "आधी" म्हणजे बाईला, घराला, मालकाला, कुणालाच माहीत नसताना. म्हणून मी आयडाहोवाल्यांसारखा सगळ्यांनाच नियम केलाय. कोण पोटुशी, कोण नाही, विचारायचं नाही. खुरपणी आधी, फवारणी नंतर, आणि फवारणीनंतर डब्यावर जेवढे दिवस लिहिलेत तेवढे दिवस, आणि लिहिलं नसेल तर किमान तीन दिवस, त्या वावरात कुणीही बाई नाही. रोप बुडवणं मी स्वतः करतो, लावणाऱ्या प्रत्येकीला रबरी मोजे. फवारणीचे कपडे मीच धुतो, वेगळ्या टपात, बोअरपाशी. पहिल्या दिवशी बांधावरून दोघं जण हसत गेले, जाऊ द्या. खर्च? मोज्यांचा फारसा नाही. एक खुरपणी चार दिवस लांबली, तेवढ्यात हरळी वाढली. बायांना ते तीन दिवस मी लसणाच्या रानात घेतलं, मजुरी बुडाली नाही. मजुरी बुडवून नियम केला असता तर त्यांनीच मोडला असता, आणि त्यांचं बरोबर असतं.

आशाताईशीही बोललो. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेला, मूल हवं असेल तर, गोळी आधीपासून मिळावी, नोंदणीची वाट बघू नये. ती म्हणाली, "भाऊ, मी सांगते हो, पण सासवा म्हणतात अजून काही नाही तर गोळी कशाला?" तर सासवांनो, आणि सासऱ्यांनो, कारण पैसे तुमच्या खिशात असतात: बीजप्रक्रिया.

माझ्या फवारणीनं त्या बाळाचा ओठ फाटला का, याचं उत्तर मला मिळालेलं नाही, मिळणारही नाही. तिनं मला कधी विचारलं नाही. गेल्या आठवड्यात मीच तिला डायरीतली ती तारीख दाखवली. तिनं बघितली, म्हणाली, "दादा, त्या दिवशी आम्ही सहा जणी होतो." एवढंच. मी त्यावर अजून विचार करतोय.

बाळ आता तीन महिन्यांचं होतंय. वाटी-चमच्यानं, उभं धरून दूध पाजायला दवाखान्यातल्या ताईंनी शिकवलं, त्यानं वजन धरलंय. ओठाच्या ऑपरेशनला दहा आठवडे वय, साडेचार-पाच किलो वजन आणि रक्त दहाच्या वर लागतं. वजन झालंय, रक्त नऊ भरलं म्हणून पुढची तारीख दिलीय. टाळूचं नंतर, वर्षाच्या आसपास. सासू स्वतः लोहाचं औषध पाजते, वेळ चुकवत नाही. ग्रहणाचं आता ती बोलत नाही. पुडीचंही नाही.

कांद्याला उद्या पाणी आहे. फुलकिडे पानाच्या बेचक्यात दिसायला लागलेत, पण फवारणी शनिवारी, खुरपणी उरकल्यावर.